चौदा पालक आणि एक पाठ

माणूस ज्या दिवशी चार पायांवरून उठून दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. हात मोकळे झाले, मान उंच झाली, नजर क्षितिजाला भिडली, आणि विश्वाचं रहस्य उलगडण्याची पात्रता एका प्राण्याच्या अंगी आली. त्याच दिवशी संध्याकाळी त्या प्राण्याची कंबर धरली आणि तो बायकोला म्हणाला, जरा पाठीवर पाय देतेस का.

खरं म्हणजे पाठीचा कणा हे आडव्या प्राण्यासाठी बेतलेलं काम. वाशाचं लाकूड खांब म्हणून उभं करावं तसं ते आपल्याला बसवलंय. तेव्हापासून तक्रारी चालू आहेत. ही गोष्ट त्यातल्या एका तक्रारीची. काळ फार लांबचा नाही. तुमची आज बालवाडीत जाणारी नात नोकरीला लागेल, त्या सुमाराचा. गाव बार्शी.

रूपाली मांजरे घरीच शिवणकाम करायची. मुलगी कस्तुरी तेरा वर्षांची. तिच्यासाठी शाळेचा नवा कुडता शिवला तर त्याचा घेर एका बाजूनं वर जायला लागला. रूपालीनं उसवला, परत शिवला. परत वर. तिनं कापडाला शिव्या दिल्या, मशीनला दिल्या, कापड आणणाऱ्या नवऱ्याला दिल्या. शेवटी तिनं मापाची लाकडी पट्टी कस्तुरीच्या पाठीला उभी लावली आणि शिव्या थांबल्या. कुडता सरळ होता.

सोलापूरच्या डॉक्टर नसरीन मुजावर यांनी कस्तुरीला पुढे वाकायला लावलं. वाकल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली सगळ्यांना दिसली. मग एक्स-रे झाला.

"याला स्कोलिओसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "कणा एका बाजूला वळलाय आणि वळता वळता पिळलाय. ओला टॉवेल पिळताना होतो तसा. का झालं, ते कुणालाच माहीत नाही. दप्तरानं नाही, पोक काढून बसल्यानं नाही, आणि आईनं लहानपणी एकाच कडेवर घेतल्यानं तर अजिबात नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी रूपालीकडे बघून म्हटलं, कारण मंदाआत्यांचा म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेलाय, हे रूपालीच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"पाठीला पट्टा घातला की सरळ होईल?" सुहासनं विचारलं. सुहास हा कस्तुरीचा बाप. एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक.

"सरळ करणं हे पट्ट्याचं काम नाही. वाढू न देणं हे काम. भिंत कलली की टेकू देतो ना, तसं तीन जागी दाबून धरायचं. मुलीची वाढ थांबली, हाडं पक्की झाली, की पट्टा सुटला. तोवर आंघोळ आणि खेळ सोडून दिवसभर अंगावर. आज बाक तीस अंशांचा आहे. पन्नासाकडे गेला तर पाठ उघडून सळया घालाव्या लागतात."

कस्तुरीनं एवढंच विचारलं, "झोपताना पण?"

"झोपताना पण."

आता पट्ट्याविषयी. पूर्वी पट्टे साध्या प्लास्टिकचे असत. पोरं ते दिवसभर पलंगाखाली ठेवायची आणि तपासणीच्या दिवशी घालून जायची. पट्टा खोटं बोलत नसे, पण खरंही सांगत नसे. मग कुणीतरी त्यात बारकं तापमापक बसवलं. अंगाची ऊब लागली की तास मोजायचं. पुढे 'मेरुसखा' आला. त्याच्या कवचाच्या आत हवेच्या छोट्या पिशव्या होत्या आणि प्रत्येक पिशवीला दाब मोजणारा डोळा. मूल वाढलं, बसलं, कुशीवर वळलं, की हवा आपोआप इकडची तिकडे जायची आणि टेकू बरोबर लागायच्या जागी लागायचा. इथपर्यंत विज्ञानाला साष्टांग नमस्कार.

गडबड अशी झाली की पिशव्या बरगड्यांवर होत्या आणि बरगड्या श्वासाबरोबर हलतात. मोजलेल्या दाबात श्वास मिसळायला लागला. मूल हसलं की श्वास तुटक, रडलं की हुंदक्याचा, घाबरलं की उथळ, रागावलं की नाकपुड्यांतून लांब. कंपनीतल्या अभियंत्यांनी हा सगळा केरकचरा म्हणून गाळून टाकायचं ठरवलं होतं. पण कुठल्याही कंपनीत अभियंत्यांपेक्षा विक्रीची माणसं जास्त असतात. त्यांनी तो केर गोळा केला, त्याला 'भाववार्ता' असं नाव दिलं आणि पालकांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली.

पट्टा सुरू करताना ॲपनं विचारलं, पालकांची नावं भरा. ज्यानं हे ॲप केलं तो अशा देशात राहत असावा, जिथं मुलाला दोनच पालक असतात आणि तेही एका वेळी सापडत नाहीत. खाली अधिकची खूण होती. सुहासनं ती बघितली आणि त्याला घाम फुटला.

मांजरे घराण्यात एका लग्नपत्रिकेत एका चुलत आजोबांचं नाव राहिलं होतं, तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. सुहासनं धोका पत्करला नाही. सगळ्यात वर त्याचे थोरले भाऊ म्हणजे भाऊकाका, मग मंदाआत्या, मग बाकीचे काका, काकू, मामा, लातूरची मावशी, तिचे यजमान, कारण त्यांना वगळलं तर मावशीला वाईट वाटलं असतं. वयाच्या क्रमानं, मानपान सांभाळून. आपलं आणि रूपालीचं नाव त्यानं शेवटी घातलं, पत्रिकेत 'आपले नम्र' असतं त्या जागी. एकूण चौदा पालक झाले. प्रत्येकाला त्यानं फोन करून सांगितलं, "तुमचं नाव घातलंय बरं का." सगळे खूष झाले.

पट्ट्याला कुलूप नव्हतं. कुलूप लावलं असतं तर लोक रागावले असते. त्याऐवजी मंजुरीपेक्षा जास्त वेळ पट्टा काढला, की चौदा फोन वाजायचे.

पहिल्याच आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत कस्तुरीच्या मैत्रिणीनं गणिताच्या सरांची नक्कल केली. चौदा फोनांवर आलं: कस्तुरी हसत आहे. बराच वेळ हसत आहे.

लातूरहून मावशीनं रूपालीला फोन केला. "कुणाबरोबर हसत होती गं?"

"मला काय माहीत? शाळेत आहे ती."

"तेच म्हणते मी. शाळेत एवढं हसण्यासारखं काय असतं?"

पुढच्या आठवड्यात कस्तुरी न्हाणीघराचं दार लावून, पट्टा अंगावर असतानाच रडली. का रडली ते तिचं तिला माहीत. तेरा वर्षांच्या मुलीला न्हाणीघरात रडायला कारण लागू नये. ती डोळे पुसून बाहेर आली तर भाऊकाका फोनवर होते. त्यांनी सगळ्या पालकांना एकत्र जोडलं होतं आणि विषय होता, कस्तुरीला नेमकं काय होतंय. कस्तुरीला नेमकं काय होतंय यावर चर्चा चालू असताना कस्तुरीला कुणी बोलू दिलं नाही.

मग ती रागावली. ॲपनं तत्परतेनं कळवलं: कस्तुरी रागावली आहे. तिच्याशी प्रेमानं बोला.

आणि लोक प्रेमानं बोलायला लागले. एकामागून एक.

"काय झालं गं बाळा?" मंदाआत्या.

"काही नाही, आत्या."

"मग रागावलीस कशाला?"

"नाही रागावले."

फोनच्या पलीकडे टुंग असा आवाज आला. "हे बघ, इथं लिहून आलंय, अधिक रागावली आहे म्हणून. आत्याशी खोटं बोलतात का? हेच संस्कार का रूपालीचे?"

कस्तुरीनं फोन ठेवला आणि बापापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, यांना काढा."

"अगं, काळजीपोटी विचारतात ते."

"एवढी काळजी होती तर आईनं पट्टी लावेपर्यंत माझी पाठ कुणाला का दिसली नाही? दर दिवाळीला सगळ्यांच्या पाया पडते मी. वाकूनच पडते ना? एकानं तरी बघितलं का, पाठ अशी का दिसते? सगळ्यांचं लक्ष आशीर्वाद देण्याकडे."

सुहासनं फोन खिशात सारला. तो म्हणाला, "भाऊंना कसं सांगू मी, तुम्ही नको म्हणून? मान ठेवायला नको का?"

"मी श्वास घेतला तरी चौदा लोकांना कळतंय, बाबा. श्वास."

"हळू बोल," सुहास म्हणाला. खिशात त्याचा फोन टुंग वाजला.

दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता झाली. कस्तुरी शांत आहे, असं चौदा फोनांवर आलं. तिसऱ्या दिवशीही शांत. रात्री गाढ झोप. स्वभाव समाधानी. मंदाआत्यांनी रूपालीला फोन करून सांगितलं, "बघ, मी बोलले तेव्हापासून पोरगी सुतासारखी सरळ आली." आलेख बघून भाऊकाकांना भरून आलं. आलेखात बाकही कमी होत होता. अंश रोज उतरत होते.

शेजारच्या हलीमाचाचींची बकरी राणी त्या काळात पाठीवर काहीतरी घेऊन गोठ्यात बसलेली असायची. चाचींनी विचारलं तेव्हा कस्तुरी म्हणाली, शाळेचा प्रयोग आहे. चाचींना वाटलं, असेल. आजकाल शाळेत काहीही शिकवतात. बंद थोडे सैल केले की मेरुसखा राणीला चोख बसत होता. आंघोळीच्या मंजूर वेळात कस्तुरी तो काढायची, आणि वेळ संपायच्या आत भिंतीवरून पलीकडे जाऊन राणीला घालायची. राणी ऊबदार होती, श्वास घेत होती आणि तिचं कुणाशी भांडण नव्हतं. घरात कस्तुरी ढगळ कुडते घालून फिरायची आणि आईला कवटाळू द्यायची नाही.

सहा महिन्यांनी सोलापूरला नवा एक्स-रे झाला. डॉक्टर मुजावर बराच वेळ एकदा फिल्मकडे आणि एकदा सुहासच्या फोनवरच्या आलेखाकडे बघत राहिल्या.

"या मशीनच्या म्हणण्याप्रमाणे," त्या म्हणाल्या, "तुझ्याएवढा सरळ कणा मी आजवर बघितला नाही. शिवाय तू दिवसभर काहीतरी चघळत असतेस."

कस्तुरी म्हणाली, "ती बकरी आहे."

रूपालीनं डोक्याला हात लावला. डॉक्टर आधी हसल्या. मग त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि त्यांचं हसू गेलं. "एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "तीसचे एकेचाळीस झालेत, कस्तुरी."

कस्तुरीनं हनुवटी वर केली. ती रडू दाबणार होती, पण आता अंगावर पट्टा नव्हता आणि हे रडणं फुकटचं कुणाला मिळणार नव्हतं, म्हणून तिनं ते तिथंच उरकून घेतलं. मग चौदा जणांची हकीकत सांगितली.

डॉक्टर रागावल्या. त्यांनी कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"भाववार्ता बंद करा," त्या म्हणाल्या. "मला फक्त तास आणि दाब हवाय. पोरीचं मन नकोय."

"ती बंद करता येत नाही, मॅडम," पलीकडची मुलगी मधासारखं बोलली. "ती मोफत आहे."

"मग पालक कमी करा."

"त्यासाठी त्या त्या पालकानं स्वतःच्या फोनवरून संमती द्यावी लागते, मॅडम. नाहीतर भांडणं झाली की आईवडील एकमेकांना काढून टाकतात. मुलांच्या हितासाठीच आहे हे."

"मग मी तिला साधा पट्टा देते."

"जरूर द्या, मॅडम."

डॉक्टरांनी फोन आपटला. साधा पट्टा त्या कुठून देणार होत्या? साचे घेऊन हातानं पट्टे करणारी माणसं मेरुसखानं कधीच नोकरीला लावून घेतली होती, आणि नंतर कधीतरी काढूनही टाकली होती.

"ऐक," त्या कस्तुरीला म्हणाल्या. "तुझी वाढ अजून वर्षभर तरी चालेल. पट्टा घातलास तर बहुतेक इथंच थांबेल. नाही घातलास तर मला तुझी पाठ उघडावी लागेल. मी भीती घालत नाहीये. सांगतेय."

"ते सगळे गेले तर घालते," कस्तुरी म्हणाली. "एक जरी राहिला तरी बकरी घालेल."

परतीच्या एस.टी.त सुहासनं मनात हिशेब मांडला. फोनवरून नाव काढा म्हणणं म्हणजे लग्नाचं आमंत्रण परत मागण्यासारखं होतं. ते समक्षच सांगायला हवं होतं. आणि समक्ष सांगायचं तर बोलावून, आणि बोलावून सांगायचं तर जेवायला घालून. अपमान करण्यासाठी इतका मानपान मांजरे घराण्यात पहिल्यांदाच होत होता. रूपालीनं पुरण शिजत घातलं, ते दात-ओठ खात.

रविवारी सगळे आले. कारण कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपल्या मनानं ठरवलं होतं. इतका सुरेख आलेख आल्यावर दुसरं काय असणार? भाऊकाका कस्तुरीच्या सत्कारासाठी शाल आणि नारळ घेऊन आले होते. राणीचे सहा महिने त्यांनी छापून आणले होते, रंगीत.

पंगत बसली. कस्तुरी पट्टा घालून भिंतीशी बसली होती, लाकडाच्या बाहुलीसारखी ताठ. सुहास उभा राहिला.

"एक छोटीशी विनंती होती," तो म्हणाला. "म्हणजे विनंती असं नाही. म्हणजे तुम्ही सगळे मोठे आहात. तर त्या दृष्टीनं…"

"सुहास, आडून बोलू नको," भाऊकाका म्हणाले. "आगारात गाडी रद्द झाली तर असंच सांगतोस का?"

"असंच सांगतो, भाऊ. थोड्याच वेळात येईल म्हणतो."

"मी सांगते," कस्तुरी म्हणाली. "तो आलेख बकरीचा आहे. हलीमाचाचींच्या राणीचा. माझा बाक वाढलाय. आता ऑपरेशनला थोडाच राहिलाय. तुम्ही सगळ्यांनी त्या पट्ट्यातून आपापली नावं काढा. आजच. मी हसले की तुम्हाला कळतं, रडले की कळतं. मला का रडू आलं ते माझं मला कळायच्या आत लातूरला कळतं. मला नकोय ते."

पंगतीतले फोन एकदम वाजले. रागावली आहे, प्रेमानं बोला. कुणी बोललं नाही.

मग मंदाआत्या बोलल्या. "आम्ही परके झालो वाटतं. एवढं काय असतं गं त्या पट्ट्यात? आम्ही काय लपवतोय जगापासून? माणसाचं मन स्वच्छ असलं की चौदा काय, चारशे बघू देत. आण इकडे, मी घालते. बकरीला बसतो, मला नाही बसणार?"

आत्या हडकुळ्या होत्या. पट्टा बसला. रूपालीनं तो मागून आवळला, आणि तो आवळताना तिच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा समाधान दिसलं. आत्या ताठ बसल्या, पोळीचा घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वा, रूपाली, पोळी अगदी आईच्या हातची झालीय."

टुंग. भाऊकाकांनी चष्मा वर केला आणि वाचलं. "कस्तुरी अस्वस्थ आहे. मनाविरुद्ध बोलत असण्याची शक्यता."

एका कोपऱ्यातून कुणीतरी खोकलं.

"मशीन आहे ते, चुकतंच," आत्या म्हणाल्या.

"असेल," भाऊकाका म्हणाले. ते फोनकडे अशा नजरेनं बघत होते, जसं आजवर त्यांनी कुठल्याच यंत्राकडे बघितलं नव्हतं. मग अगदी सहज आवाजात त्यांनी विचारलं, "मंदे, आईच्या पाटल्या खरंच गाडीत हरवल्या होत्या का गं?"

वाढप थांबलं. आत्यांच्या हातातला घास हातातच राहिला. सगळ्या पंगतीचं लक्ष आपापल्या मांडीवरच्या फोनकडे.

टुंग. कस्तुरीनं श्वास रोखून धरला आहे.

"काढ," आत्या म्हणाल्या. "आधी हे काढ अंगावरनं." पट्टा पुरता सुटायच्या आत त्यांनी पदराआडून फोन काढून संमती दाबली होती. मग त्या वळल्या. "आता भाऊ, तू घाल. मला पण शेताच्या वाटणीचं विचारायचंय तुला."

भाऊकाकांनी संमती दाबली. त्यांच्या शेजारच्या काकांनी दाबली. लातूरच्या मावशीनं आधी नवऱ्याचा फोन ओढून घेतला, त्याचं नाव काढलं, मग स्वतःचं. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना मुलीच्या श्वासाची काळजी होती, त्यांचा श्वास आता एकाच गोष्टीत अडकला होता, बटण लवकर दाबलं जाईल का. क्षमा कुणीच मागितली नाही. मांजरे घराण्यात तशी पद्धत नाही. सगळ्यांनी पोळ्या मात्र संपवल्या आणि वर तूप मागून घेतलं.

जाताना शालीचा प्रश्न उभा राहिला. आलेखाप्रमाणे ती राणीची होती. भाऊकाकांनी ती घडी घालून परत पिशवीत ठेवली आणि नारळ रूपालीच्या हातात दिला.

दार लागल्यावर कस्तुरी बापाला म्हणाली, "तुम्ही पण."

"मी? अगं, मी बाप आहे."

"म्हणूनच."

सुहासनं फोन काढला. अंगठा बराच वेळ बटणावर धरला. मग दाबला. आता यादीत एकटी रूपाली राहिली होती, आणि रूपालीचा फोन हल्ली बहुतेक वेळा असायचा तसा चिंध्यांच्या ढिगाखाली कुठंतरी बॅटरी संपून पडला होता. कस्तुरीला ती पालक चालण्यासारखी होती.

कस्तुरीनं पट्टा चढवला. रूपालीनं मागून एकेक बंद ओढला. पिशव्यांत हवा भरल्याचा बारीक फुसफुस आवाज झाला. कस्तुरीनं लांब श्वास घेतला. घरात कुठंच टुंग झालं नाही.

सुहास समोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. आगाराच्या ध्वनिक्षेपकावर बोलताना घसा साफ करायचा तसा त्यानं तो केला.

"कस्तुरी," तो म्हणाला, "एक बाप म्हणून आज मला तुला मनापासून सांगायचंय की…"

"बाबा, ते राहू द्या," कस्तुरी म्हणाली. "आईची मापाची पट्टी घ्या. मागून आत घाला, डावीकडून. सहा महिने खाज बकरीला होती, आता माझी चालू झालीय. अजून खाली. हां, तिथं. आता काही न बोलता जरा खाजवा."